मधला अर्धा तास

बायको सिद्धम्मा गेली आणि कल्याणराव चौसष्टाव्या वर्षी चहा करायला शिकले. तोवर सोनपेठच्या बाजाररस्त्यावरच्या त्यांच्या किराणा दुकानात रोज दहाच्या सुमारास घरून थर्मास यायचा. आता काउंटरच्या मागे एक शेगडी होती, एक पातेलं होतं आणि साखरेचा अंदाज अजून चुकत होता. पण एकट्यानं चहा पिणं त्यांना जमत नव्हतं. म्हणून ओट्यावर जो कोणी बसेल त्याच्या हातात ते कप द्यायचे आणि त्याच्या घरची चौकशी करायचे. स्वतःच्या घराविषयी मात्र बोलायचं टाळायचे. तिथं ते फक्त अंग टाकायला जात.

भाद्रपदात त्रिवेणी आली. सिद्धम्माच्या भावाची मुलगी, गंगाखेडची. मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. आत्याच्या दिवसांना आली तेव्हा ती नुसती रडली होती. या वेळी आली ती पिशवीभर कागद घेऊन.

"मामा, तुमची मागची खोली द्याल का? तीन महिने. सकाळी दहा ते एक."

"पोती हायेत तिथं. तेलाचे डबे हायेत."

"राहू द्या. पण रोज जागच्या जागी राहिले पाहिजेत. एक डबासुद्धा हलायचा नाही."

कल्याणरावांना वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. तसं नव्हतं.

तिचं काम सांगायला सोपं होतं. साठीच्या पुढच्या माणसांना बारा शब्द ऐकवायचे. कंदील, घागर, मीठ, आरसा, शिट्टी असे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेले. अर्ध्या तासानं विचारायचं, किती आठवतात? अर्ध्या लोकांनी शब्द ऐकल्यावर ते नुसते पुन्हा पुन्हा म्हणायचे. उरलेल्या अर्ध्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात आपल्या घरात शिरायचं आणि एकेक वस्तू एकेका जागी ठेवत जायची. कंदील उंबऱ्यात, मीठ चुलीपाशी, असं. कोणी काय करायचं ते माणसाच्या मर्जीवर नव्हतं, त्रिवेणीच्याही नव्हतं. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या होत्या. निघेल ती खरी. आठवड्याभरात गावानं दोन्ही गटांना नावं देऊन टाकली, म्हणणारे आणि ठेवणारे.

कल्याणराव आधी हसले, मग बघायला लागले. पोरीनं भिंतीवरचं चित्रांचं कॅलेंडर उतरवलं, कारण एखाद्याचं लक्ष तिकडं जाईल. शब्द ती स्वतः वाचत नव्हती. मोबाईलवर एकदाच वाचून ठेवले होते आणि सगळ्यांना तेच ऐकवत होती. "माझा घसा एखाद्या दिवशी बसला तर? एखाद्या आजीसाठी मी जास्त प्रेमानं वाचलं तर?" खुर्ची एकच, तोंड एकाच भिंतीकडं. आलेल्या माणसाला ती पहिल्यांदा विचारायची, झोप झाली का, चष्मा आणला का, पूजा झाली का, भाकर खाल्ली का. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणीही न घेणारी दोन-तीन माणसं होती. त्यांना ती म्हणायची, "आधी घरी जा, पोटाला घेऊन या. मी थांबते."

बन्सीधर चिठ्ठी काढताना वैतागले. सत्तरीचे शेतकरी, आवाज वेशीपर्यंत जाणारा. "कल्याणराव, ही पोरगी मला या वयात शाळेत घालायलीय काय?"

"पहिलीत घाला त्यांना," ओट्यावरून सुलाबाई म्हणाली. "दुसरीत न्हाई जमायचं."

"तू गप बस. तुझी चिठ्ठी कोणती?"

"माझी ठेवणाऱ्याची. मी घरात जाऊन यायलेय. तुमी बसा घोकत."

शब्द ऐकले की अर्धा तास माणसं ओट्यावर बसत. मग त्रिवेणी परत आत बोलावी. या अर्ध्या तासात तिची एकच ताकीद होती, शब्द कुठं लिहायचे नाहीत आणि एकमेकांना सांगायचे नाहीत. ती आत पुढच्या माणसाला शब्द ऐकवत असे. ओटा कल्याणरावांचा होता.

पहिल्याच आठवड्यात सुलाबाई खोलीतून बाहेर आली ती पदरानं डोळे पुसत. एरवी जिचं तोंड थांबत नाही ती बाई अशी गप. कल्याणरावांनी काही न विचारता शेगडी पेटवली. कप हातात दिला आणि मग विचारलं, "काय झालं सुलाबाई?"

"काही न्हाई ओ. आमचं जुनं घर. पाण्याखाली गेलं ते. लय वर्षांनी आत गेले."

"मग? काय काय ठेवलं?"

तिनं सांगितलं. कंदील दाराच्या कोनाड्यात. घागर न्हाणीपाशी. आरसा तिथं, जिथं तिची सासू केस विंचरायची. सांगता सांगता तिचा चेहरा उजळला. कल्याणरावांनाही बरं वाटलं. कित्येक महिन्यांत ते कुणाच्या भरल्या घरात असे फिरले नव्हते.

मग ती रीतच पडली. ठेवणारा बाहेर आला की त्याच्या डोळ्यांत काहीतरी असायचं. कल्याणराव चहा टाकायचे आणि विचारायचे, चुलीपाशी काय ठेवलं, माळवदावर काय ठेवलं. माणसं एकेक खोली सांगायची. म्हणणारे मात्र हसत, जांभया देत बाहेर यायचे. त्यांना काय विचारणार? बन्सीधरांना चहा मिळाला नाही असं नाही, पण तो निघता निघता, आणि त्यावर बोलणं झालं ते कापसाचं.

दिवाळीच्या आत चोवीस माणसं झाली. अजून तेवढीच व्हायची होती. दुपारी एकला त्रिवेणी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. तिनं कागद काउंटरवर पसरला.

"मामा, बघा. म्हणणाऱ्यांना बारातले सरासरी पाच आठवलेत. ठेवणाऱ्यांना नऊ. नऊ! माझ्या गाईड मॅडमनी तर सांगितलं होतं, एक-दीडचा फरक पडला तरी खूप."

"म्हंजे घरात फिरलं की ध्यानात राहतंय?"

"असं म्हणता येईल, हो. कारण बाकी सगळं आपण सारखं ठेवलं. खोली तीच, वेळ तीच, आवाज तोच, मधला अर्धा तास तोच. दोन गटांत बदललेली गोष्ट एकच. म्हणून फरक पडला तो तिच्यामुळं पडला असं छातीवर हात ठेवून सांगता येतं. दोन गोष्टी बदलल्या असत्या तर कुणाचं नाव घेणार?"

ती कागद घडी करून पिशवीत ठेवत होती. कल्याणराव तिच्याकडं बघत राहिले. मधला अर्धा तास तोच.

"चहा घेतीस?" त्यांनी विचारलं. आणि शेगडीकडं हात नेला तसा तो तिथंच थांबला.

त्रिवेणी तीनच्या एसटीनं गेली. दुपारभर दुकानात गिऱ्हाइकानं गूळ मागितला तर कल्याणराव साखर देत होते. पोरीचं कसं चाललंय ते त्यांना माहीत होतं. पीएच.डी.ला पाच वर्षं झाली होती. प्रबंध द्यायची माघातली मुदत शेवटची होती. तिच्या बापानं, म्हणजे सिद्धम्माच्या भावानं, चार लोकांत बोलून दाखवलं होतं की आता बस झालं. नऊ आणि पाच या दोन आकड्यांवर तिचं सगळं उभं होतं. आणि त्या नवातले किती घराचे आणि किती आपल्या चौकशीचे, हे आता कोण सांगणार? ठेवणाऱ्यांनी ते शब्द मधल्या अर्ध्या तासात आणखी एकदा, चांगले रंगवून, कल्याणरावांना सांगितले होते. म्हणणाऱ्यांकडून कुणी म्हणवून घेतलं नव्हतं.

सांगितलं नाही तर कुणालाच कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूजेला बसले. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं, पण नजर तिथं टिकेना. त्यांना पापड आठवायला लागले.

सातेक वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्यात सिद्धम्माचे उडदाचे पापड तळले की तांबडे पडायला लागले. तिच्या हातचे पापड कधी बिघडले नव्हते. शेजारपाजारच्या बायकांनी हजार कारणं सांगितली. कुणी म्हणे डाळ जुनी, कुणी म्हणे नव्या बोअरचं पाणी, कुणी म्हणे तेल. सिद्धम्मानं कुणाशी वाद घातला नाही. तिनं चार छोटे गोळे मळले. पहिला होता तसाच. दुसऱ्यात फक्त पाणी बदललं. तिसऱ्यात फक्त डाळीचं पीठ. चौथ्यात फक्त पापडखार, तोही भावाकडून मागवलेला. कोणता पापड कोणत्या गोळ्याचा ते कळावं म्हणून लाटताना वर एक तीळ, दोन तीळ असे दाबले. कल्याणराव हसले होते. "पापड करायलीस का परीक्षा घ्यायलीस?"

"सगळं एकदम बदललं तर कळंल कसं, कुणाचा दोष हाय ते?" ती म्हणाली होती.

चौथ्या गोळ्याचे पापड पांढरेशुभ्र फुलले. दोष खाराचा होता. आणि खार त्यांच्याच दुकानातला होता, नव्या पोत्यातला.

"अहो," सिद्धम्मा म्हणाली होती, "ज्यांनी ज्यांनी नेलाय त्यांना सांगून या."

"कशाला? त्यांना वाटंल डाळ खराब हाय."

"तेच तर. एखादी सासू सुनंच्या हाताला नावं ठेवायली असंल. जा तुमी."

आणि कल्याणराव भर उन्हात सहा घरं फिरले होते. तेव्हा त्यांना बायकोचा राग आला होता. आज तळहातावर लिंग घेऊन बसल्यावर त्यांना कळलं की आपण एका फार मोठ्या बुद्धीच्या बाईबरोबर चाळीस वर्षं राहिलो आणि तिला फक्त पापड चांगले येतात असं समजत होतो.

साडेनऊची एसटी आली तेव्हा ते स्टँडवर उभे होते.

"मामा! तुम्ही इथं? दुकान?"

"खाली उतर. सांगतो."

रस्त्यानं चालता चालता त्यांनी सगळं सांगितलं. चहा, सुलाबाईचे डोळे, चूल, कोनाडे. दुकानात आल्यावर त्रिवेणीनं वही काढली.

"कुणाकुणाला विचारलं?"

"ठेवणाऱ्या सगळ्यांना."

"पहिल्या दिवसापासून?"

"सुलाबाईपासून."

"म्हणणाऱ्यांतलं एकालाही नाही?"

"त्यांच्याकडं विचारण्यासारखं काय होतं, बाई?"

तिनं ते लिहून घेतलं. अक्षर वळणदार, हात स्थिर. मग वही मिटली आणि साखरेच्या पोत्यावर बसली. कल्याणरावांना वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी कुणाला काही बोलणार न्हाई," ते हळूच म्हणाले. "तू म्हणशील तर हे इथंच ऱ्हाईल."

"मामा, हे कुणीतरी वाचेल ना. एखादी डॉक्टरीणबाई वाचेल आणि एखाद्या आजीला सांगेल, घर आठव, बारातले नऊ आठवतील. आजीला आठवतील सहाच. मग ती म्हणेल, माझं डोकं गेलं." तिनं पदर सारखा केला. "तिचं डोकं गेलेलं नसेल. माझा आकडा चुकलेला असेल."

कल्याणरावांना सिद्धम्माचे शब्द आठवले. एखादी सासू सुनंच्या हाताला नावं ठेवायली असंल. आत्या आणि भाचीचा चेहरा एकसारखा आहे असं लोक म्हणत, ते त्यांना कधी पटलं नव्हतं.

"माझ्यामुळं तुझं वरीस गेलं, त्रिवेणी."

"तुमच्यामुळं कसं? मी खोलीतला डबा हलू दिला नाही आणि अर्धा तास तसाच मोकळा सोडला. चूक माझ्या आखणीत होती. तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं." मग ती पहिल्यांदा किंचित हसली. "आणि सोनपेठमध्ये माणूस ओट्यावर बसलाय आणि त्याला कुणी चौकशी न करता सोडलंय, हे मी धरून चालले होते. मी गंगाखेडची असून."

मग मात्र ती मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. कल्याणरावांनी ते दार उघडलं नाही. गिऱ्हाइकं आली, गेली. तासाभरानं ती तोंड धुऊन बाहेर आली.

"चोवीसही बाद. शब्द नवे, माणसं नवी. मॅडमना फोन केलाय. मुदतीचं विद्यापीठाला कळवते म्हणाल्या, मिळेल का ते माहीत नाही. आठवडी बाजाराला खेड्यावरची माणसं येतात ना? तुम्ही गाठ घालून द्या."

"आत्ता सांग, काय करू?"

"सांगते. पण मामा, एक मनाला लावून घेऊ नका. या वेळी कुणाची चिठ्ठी कोणती ते तुम्हालाही कळायचं नाही. तुमचा चेहरासुद्धा विचारपूस करतो."

दुसऱ्यांदा सुरू झालं ते कार्तिकात. मधल्या अर्ध्या तासाला आता काम होतं. बाहेर आलेल्या प्रत्येक माणसापुढं एक ताट, ताटात पावशेर मटकी, आणि मटकीत पंचवीस खडे. खडे निवडायचे, बस. हाताला आणि डोक्याला तेवढंच काम, दोन्ही गटांना सारखं. खडे मोजून ताटात घालायचं काम कल्याणरावांकडं होतं.

"चाळीस वर्षं मालातले खडे काढले," ते बन्सीधरांना म्हणाले, "आता मोजून मिसळायलोय."

"गिऱ्हाइकाला कळू देऊ नका."

"गिऱ्हाइकच निवडायलंय."

चहा सगळ्यांना, पण शेवटची उत्तरं देऊन झाल्यावर. सुलाबाई रोज येऊन तक्रार करायची की आपल्याला का बोलवत नाहीत. तिला ओट्याच्या पलीकडं बसवलं होतं आणि तोंड उघडलं की कल्याणराव बोट ओठांवर ठेवत.

पण अवघड होतं ते त्यांचंच. बाजाराच्या दिवशी तानुबाई नावाची एक म्हातारी आली. पलीकडच्या खेड्यावरची, कल्याणरावांच्या ओळखीची. गेल्या वर्षी तिचाही माणूस गेला होता. ती खोलीतून बाहेर आली आणि ओट्यावर बसली, आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. चिठ्ठी कोणती ते कुणी सांगायची गरजच नव्हती. कल्याणरावांचा हात शेगडीकडं गेला. तानुबाईनं त्यांच्याकडं बघितलं. तिला सांगायचं होतं. त्यांनी तिच्यापुढं मटकीचं ताट ठेवलं, तोंड फिरवलं आणि अर्धा तास भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभे राहिले. लिंगायतांत अग्नी देत नाहीत, सिद्धम्माला माती दिली होती. त्या दिवशीही ते असेच उभे राहिले होते, काही करता येत नसल्यासारखे. आज निदान ठाऊक होतं की हे उभं राहणं कशासाठी आहे.

मुदत मिळाली, दोन महिन्यांची. अठ्ठेचाळिसावा माणूस मकरसंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी झाला. त्रिवेणीनं तीन दिवसांनी फोन केला.

"मामा, म्हणणाऱ्यांना साडेपाच. ठेवणाऱ्यांना सात."

"फरक कमी झाला म्हण की."

"कमी झाला. पण आता तो घराचाच आहे." तिच्या आवाजात नऊ आणि पाचच्या वेळी होता तो उड्या मारणारा आनंद नव्हता. पण हा आवाज कल्याणरावांना जास्त आवडला. "आणि पहिले चोवीसही मी लिहिणार आहे, कसे बिघडले ते. एक पूर्ण पान आहे. चहाचं."

"माझं नाव टाक."

"नावं टाकत नाहीत, मामा."

"मग लिही, सोनपेठचा एक किराणावाला. लोकांना कळंल."

ती खूप वेळ हसत होती.

पुढच्या बाजाराला तानुबाई तेल न्यायला आली. कल्याणरावांनी तिला ओट्यावर बसवलं. चहा टाकला. साखर नीट पडली. आता विचारायला कुणाची मनाई नव्हती.

"तानुबाई, त्या दिवशी चुलीपाशी काय ठेवलं होतं?"

तिला काय विचारताहेत ते लगेच कळलं. दोन महिने ती वाट बघत असावी.

"चुलीपाशी छत्री. आणि बाजंवर विळा, ते असायचे त्या बाजंवर. म्हनले, ओ, पाय लागंल, सरका तिकडं." ती हसली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "आन तुमी? तुमी न्हाई गेलाव का तुमच्या घरात?"

कल्याणरावांनी पहिले बारा शब्द इतक्या वेळा ऐकले होते की ते त्यांना पाठ होते. आणि ते गेले होते घरात, एकदाच, डोळे मिटून, इथंच काउंटरवर बसून. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"गेलो होतो," ते म्हणाले. "कंदील देवघरात ठेवला. घागर मोरीपाशी. आरसा, मीठ, सगळं ठेवलं. शिट्टी राहिली हातात. तिला जागाच सापडंना. सगळं घर फिरलो."

"मग?"

"मग ही सैपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, द्या इकडं. माझ्याकडं राहू द्या."

तानुबाईनं मान हलवली, जणू यात विशेष काही नव्हतं.

"तेवढा शब्द मातर," कल्याणराव म्हणाले, "मी कधी विसरायचो न्हाई."